भोंगा वाजला तेव्हा ओळीत कुणीच नव्हतं

दादा,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी मनात बोलत आलेय, कागदावर कधी नाही. कागदावर मी फक्त हिशेब लिहिते, किराणा, गॅस, दूध, चर्चच्या मंडळीचा दशांश. आज वेगळा कागद घेतलाय, कारण काल दुपारी जे झालं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगता यायचं नाही. ह्यांना सांगितलं तर हसतील, पाळकांना सांगितलं तर प्रार्थना करतील. मी तुमचीच लेक, तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, म्हणून तर लिहिताना हात जड होतोय.

ढोकीपासून सुरुवात करावी लागेल. साखर कारखान्याच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची ओळ, त्यातली एक खोली आपली. तुम्ही कारखान्यात फिटर. ओळीत ख्रिस्ती घर आपलं एकच, आणि भिंतीला भिंत लावून मुसलमान खालांचं. त्यांचे मालक उसाच्या वजनकाट्यावर होते. रोज कामावर निघताना तुम्ही दारात थांबून उगवतीकडं बघता आणि आईला म्हणता, "आज येईल बघ." एसटीनं पाहुणा यायचा असावा तसं. आई भाकरी थापता थापता म्हणते, "येऊ द्या की. आधी डबा घ्या." प्रभू येशू परत येणार, कर्णा वाजणार, आणि जे तयार असतील ते पापणी लवायच्या आत वर उचलले जाणार, बाकीचे इथंच राहणार, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. "उद्या" हा शब्द आपल्या घरात सुटा कुणी बोलत नव्हतं. त्याच्या आधी "प्रभूनं उशीर केला तर" हे यायलाच हवं. एकदा गिरणीवाले मामा मला म्हणाले, "आज लाईट न्हाय पोरी, दळण उद्या ने." मी म्हटलं, "प्रभूनं उशीर केला तर येते." मामांनी गिऱ्हाइकांकडं बघून डोळा मिचकावला. "आन् न्हाय केला उशीर तर? पीठ कोन खायचं, म्या?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. दोघी बायका जात्यावर दळत बसलेल्या असतील, एकीला नेतील, एकीला ठेवतील, हे तुम्ही आम्हाला सांगत असायचात. मी गिरणीत रांगेला उभी राहिले की शेजारच्या बाईकडं बघायची आणि मनात म्हणायची, आमच्या दोघीतली कोण?

हंगामात कारखान्याचा भोंगा प्रत्येक पाळीला वाजायचा. त्याच्या वेळा मी पाठ करून ठेवल्या होत्या. वेळेला वाजला तर तो कारखान्याचा. अवेळी वाजला तर तो कारखान्याचा नसणार, एवढं सरळ गणित. उन्हाळ्यात गाळप संपलं की भोंगा बंद, सगळी यंत्रं खोलून ठेवलेली, मग मी जरा निवांत. सुट्टीआधीची सकाळची शाळा होती, मी पाचवीत. उन्हाचं घरी येतेय, पाय पोळतायत म्हणून बाभळीच्या सावलीसावलीनं. आणि भोंगा वाजला. दादा, तसा तो कधी वाजला नव्हता. आधी बारीक, मग चढत चढत गेला, मध्येच फाटला, पुन्हा चढला. भुश्श्याच्या ढिगावरची पाखरं एकदम उठली. मी दप्तर तिथंच टाकलं आणि पळाले.

घराचं दार सताड उघडं. चूल पेटलेली, तव्यावर भाकरी करपतेय, उंबऱ्याशी आईच्या चपला. आई नाही. मी हाक मारली, मोरीत बघितलं, मागं बघितलं. मग खालांकडं गेले. शिलाईच्या मशीनमध्ये अर्धी बाही सुईखाली तशीच, खाला नाहीत. पलीकडच्या धनगराच्या घरात पाळणा रिकामा, आणि अजून हलतोय. अख्ख्या ओळीत माणूस नाही. मी परत येऊन आपल्या उंबऱ्यावर बसले. तेव्हा मला काय वाटलं ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. तो आला याची भीती होतीच. पण त्याच्याहून मोठं काहीतरी छातीत बसलं होतं. त्यानं खालांना नेलं, धनगराच्या सुनेला नेलं, तिच्या तान्ह्याला नेलं. रविवारच्या शब्बाथशाळेत सगळ्यांत जास्त वचनं पाठ म्हणणारी मी, आणि मलाच तेवढी ठेवली. म्हणजे माझ्यात काहीतरी असं आहे जे मला दिसत नाही आणि त्याला दिसतं. मी आत जाऊन भाकरी तव्यावरून उतरवली. वाया जाऊ नये म्हणून. मग तिच्याकडं बघत बसले, आता ही खाणार कोण?

थोड्या वेळानं बायकांचा कलकलाट ऐकू आला. सगळ्या फाटकाकडून परत येत होत्या, घामेजलेल्या, हसत, एकमेकींना ढकलत. बंद कारखान्याचा भोंगा वाजला म्हणजे आत कुणाचं तरी बरंवाईट झालं असं समजून हातातलं टाकून पळाल्या होत्या, आई तर अनवाणीच. फाटकावर वॉचमननं सांगितलं, काही झालेलं नाही, फिटरनं भोंगा दुरुस्त करून वाजवून बघितलाय. तो फिटर तुम्ही होतात. मला उंबऱ्यावर तशी पांढरीफटक बघून आईनं विचारलं, आणि मी रडत सगळं सांगून टाकलं. खाला कपाळावर हात मारून खाली बसल्या. "या अल्ला! मला नेलं म्हनं! अगं, मला नेलं असतं तर आमच्या मालकाला वाढनार कोन होतं? भांडून परत आनलं असतं त्यांनी!" धनगराची सून म्हणाली, "लई चांगला हाय की तुमचा देव, बिनबोलावता बी नेतो." आई पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसायला लागले होते, खरंच. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट जवळजवळ गमतीची होऊन गेली होती.

तुम्ही घरी आलात, आईनं हसत हसत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. मला समोर बसवलंत. "भ्यालीस?"

"व्हय, दादा."

"मग तू तयार नव्हतीस. जो तयार असतो त्याला तो आवाज गोड वाटतो. भीती वाटली म्हणजे आत काहीतरी राहिलंय."

आई चुलीपासून म्हणाली, "लेकराला आधी जवळ घ्या, मग शिकवा."

तुम्ही जवळ घेतलंत. तुमच्या हातांना ग्रीसचा वास होता, तो मला आवडायचा. पण तोवर तुमचं बोलून झालं होतं, आणि ते वाक्य माझ्यात कायमचं राहायला आलं. भीती वाटली म्हणजे तयारी नाही. आणि तयारी नाही म्हणून पुन्हा भीती. या घाण्यातून मी अजून बाहेर आलेले नाही, दादा. मी उपास केले, वचनं पाठ केली, कुणाला उलट बोलले नाही, भीती तसूभर कमी झाली नाही.

मॅट्रिक झाले तेव्हा मला शिक्षिका व्हायचं होतं. तुम्ही म्हणालात, "दोन वर्षांचा कोर्स. दोन वर्षं कुणी बघितलीत?" आई चिडून म्हणाली, "मग लगीन तरी कशाला करायचं तिचं? तिथं काय वर्षं लागत न्हाईत?" तुम्ही वर्षाच्या आत मला कळंबला दिलंत. याचा मला राग नाही. ह्यांनी आडत दुकानात कारकुनी केली, मी घर चालवलं, काटकसरीनं, कुणापुढं हात न पसरता. ह्यांचा विश्वास साधा आहे, दुपारच्या झोपेसारखा. प्रभू येईल तेव्हा येईल म्हणतात आणि कुशीवर वळतात. मी मात्र अजून तुमचीच लेक. हिशेबाच्या वहीत पुढच्या महिन्याचं पान आधी आखत नाही. बाहेर जाताना घरात खरकटं भांडं ठेवत नाही, न जाणो. ऊन असताना आभाळात एकदम उजेड झाला की हातातलं काम थांबतं.

आम्हाला एकच मुलगी, तुम्ही तिला बघितलं नाही. पुण्यात नोकरी करते. गेल्या नाताळाला आली तेव्हा सकाळच्या उपासनेला निघताना ती पलंगावर तशीच बसून राहिली. मी म्हटलं, "आवर की, घंटा होईल."

"आई, मी येत नाही. आजच नाही, तिकडंही जात नाही. दोन वर्षं झाली."

ह्यांनी बुटाची नाडी सोडली आणि खुर्चीत बसले. मी विचारलं, "कुणी काही बोललं का तुला? मुलगा आहे का कुणी?"

"कुणी नाही गं. मला सारखं भ्यायचा कंटाळा आला. शाळेतून आल्यावर घराला कुलूप दिसलं की मला वाटायचं, तुम्ही दोघं गेलात वर आणि मी राहिले. मग मी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडं जाऊन उभी राहायची. पुण्यात आले आणि एके दिवशी कळलं, खूप दिवसांत मी आभाळाकडं बघितलंच नाही. इतकं बरं वाटलं, आई. ते मी परत देणार नाही."

मी तिला कधी गिरणीची गोष्ट सांगितली नव्हती, भोंग्याचीही नाही. तरी ती भीती तिच्यापर्यंत पोचली. कशी पोचली ते मला कळतं, आणि त्याबद्दल मी तुम्हाला काही विचारणार नाही. त्या दिवशी आम्ही दोघंच उपासनेला गेलो. गायनं चालू असताना माझ्या डोक्यात एकच. आता आज तो आला तर?

काल आला असं वाटलं. दुपारी मी गच्चीवर कुरडया उलटत होते. अचानक खालून एक आवाज उठला, कर्कश, कधी न ऐकलेला, आणि त्याच क्षणी शेजारच्या घरातून तोच, समोरच्या दुकानातून तोच, रस्त्यावरून तोच. सगळीकडून एकाच वेळी. कुरडया तशाच टाकल्या. कशीबशी जिना उतरले. ह्यांच्या पलंगावर फोन पडलेला, तोच कोकलतोय. चपला दाराशी. पंखा चालू. उशीला डोक्याचा खळगा तसाच. हे नाहीत. दादा, माझं वय आता आजी व्हायचं, आणि मी पाचवीतल्या पोरीसारखी मोरीत जाऊन बघितलं.

मग मी ह्यांच्याच फोनवरून तिला फोन लावला. रिंग वाजत होती. हेच मला तुम्हाला सांगायचंय. ती रिंग वाजत असताना मी प्रार्थना करत होते, तिनं फोन उचलू नये. तिनं उचलला नाही म्हणजे ती गेली. म्हणजे तिच्या न येण्यासकट, कंटाळ्यासकट, त्यानं तिला घेतलं. मग मी राहिले तरी चालेल. आयुष्यात पहिल्यांदा मला इथं एकटं राहायची भीती वाटली नाही. रिंग वाजतेय, वाजतेय, आणि माझ्या आत कधी नव्हतं असं काहीतरी मऊ होत चाललंय.

"बोल, आई."

"तू आहेस तिथं?" मी विचारलं. तिनं लगेच ओळखलं. "अगं, ते सरकारचं टेस्टिंग आहे. संकटाची सूचना सगळ्यांच्या फोनवर एकदम येते का ते बघतायत. इथं पण वाजला, ऑफिसात सगळे उडाले. कुणी आलेलं नाही. ऐकतेयस ना? मी इथंच आहे."

मी इथंच आहे. ती माझी समजूत घालत होती, दादा. लेकीचा आवाज ऐकून आईला बरं वाटायला हवं, आणि वाटलंही. पण ते शब्द ऐकून मी खाली जमिनीवर बसले. इथंच. तो खरंच येईल त्या दिवशीही ती हेच म्हणेल, आणि ऐकायला मी नसेन.

तेवढ्यात हे मागच्या दारानं आले, अनवाणी, गुडघ्यापर्यंत भिजलेले. शेजाऱ्यांची टाकी धुवायला शिडी धरायला गेले होते. "काय गं, भूत बघितलंस का?" मी म्हटलं, "कुरडया कावळे नेतील," आणि वर गेले.

तुम्ही म्हणाल, तिच्यासाठी प्रार्थना कर. करते. तुम्ही म्हणाल, तो न्यायी आहे. मला त्याच्या न्यायाचीच भीती वाटते, कारण न्यायात तिचं काय होईल ते मला समजतं. रात्रंदिवस ज्याची वाट बघायला तुम्ही मला शिकवलंत, त्याच्या येण्यात आणि माझ्या मुलीत मला एक निवडायला लागेल असं तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. तुम्हाला निवडायला लागलंच नाही. तुमची लेक भ्याली, पण पळाली नाही.

आज संध्याकाळी पाळीपाळीनं घरोघर होणारी प्रार्थना आमच्याकडं आहे. चहाला दूध जास्त आणलंय, सतरंज्या झटकून ठेवल्यात. शेवटी सगळे उभे राहतात, डोळे मिटतात आणि एका आवाजात म्हणतात, "प्रभू, ये." हे पत्र मी कुणाच्या हाती द्यायची नाही, चुलीत घालायचं म्हटलं तर घरी आता चूल नाही, तरी इथं लिहून टाकते. नाताळापासून त्या "ये"ला माझे नुसते ओठ हलतात, दादा. बाजूला उभ्या असलेल्या बाईला कळत नाही. आवाज मी काढत नाही.