दहावी चूक

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला सातवीच्या पुढं शाळा जमली न्हाई, तरी लिहून राहिलो. इकडं पुण्याकडं एका नर्सिंग कॉलेजात कामाला आहे. तू गेल्यापासून मी कुठंच टिकलो न्हाई. सुरतेत धाग्याच्या कारखान्यात चार महिने, मग एका गोडाऊनवर, मग एका बिल्डिंगच्या गेटवर. जीव लागत न्हाई, पाय उचलतात. इथं मात्र दोन वर्षं झाली. पोरी मला मामा म्हणतात, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान असतील, पण शिपायाला मामाच म्हणायचं असतं इथं. काम असं, की एका खोलीत खोटा वॉर्ड मांडलेला आहे आणि खाटेवर प्लास्टिकचा पेशंट झोपवलेला आहे. त्याची चादर बदलायची, सलाईन टांगायची, आणि परीक्षेच्या आधी त्या खोलीत चुका मांडून ठेवायच्या.

तो खेळच आहे. मॅडम मला दहा चुकांची यादी देतात. खाटेचा कठडा खाली पाडलेला, हातावरच्या पट्टीवर दुसऱ्याच माणसाचं नाव, लघवीची पिशवी जमिनीला टेकलेली, वापरलेली सुई साध्या कचऱ्यात, अशा. पोरगी एकटी आत येते, मी कोपऱ्यात उभा असतो, मॅडम बाहेर दारापाशी बसून घंटी वाजवतात, पाच मिनिटांत जेवढ्या चुका सापडतील त्या कागदावर लिहून बाहेर नेऊन द्यायच्या. मॅडम म्हणतात, पेपरात कोणीही लिहितं, वॉर्डात शिरल्यावर डोळ्याला काय दिसतं ते मला बघायचंय. बाहेर रांगेत पोरी एकमेकींना चिडवत असतात, "तू तर आधी पेशंटच शोधत बसशील." दहावी चूक सगळ्यात सोपी. खाटेला पाटी लावायची, तिच्यावर इंग्रजीत तीन अक्षरं, एनबीएम, आणि शेजारच्या टेबलावर पाण्यानं भरलेला ग्लास. ही एक सुटली तर बाकीच्या नऊ सापडूनही पोरगी नापास. मॅडमचा नियम आहे. इथं पेशंट जातो, म्हणतात.

पहिल्या वर्षी मी एका पोरीला विचारलं होतं, पाण्याच्या ग्लासात चूक ती काय? ती म्हणाली, "मामा, एनबीएम म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. ऑपरेशनच्या आधी पाणी पाजलं तर भूल दिल्यावर ते उलटून फुप्फुसात जातं. माणूस टेबलावरच जाऊ शकतो."

"आणि तहान लागली तर?"

"ओला कापूस ओठांवरून फिरवायचा. तेवढंच."

एवढं सांगून ती मैत्रिणींकडं गेली. मी पाटी हातात धरून उभा राहिलो. ती तीन अक्षरं मी आधी पाहिली होती माय. हिंगोलीच्या दवाखान्यात तुझ्या खाटेला तीच लटकलेली होती, आणि मला वाटलं होतं, तो खाटेचा नंबर असेल.

सर घरी आले होते तो दिवस तुला ध्यानात असेल. मी आठ दिवस शाळेत गेलो नव्हतो म्हणून आले होते. तू कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर भाकरी थापून नुकतीच परतली होतीस, मनगटापर्यंत पीठ तसंच. मी दारातूनच सरांना विचारलं, पाणी देऊ का? सर म्हणाले, नको. बोलून निघून गेले. मला वाटलं आता शाळेवरून मार बसणार. शाळेचं तू काढलंच न्हाईस. म्हणालीस, "पाणी विचारून देतात व्हय रे? विचारलं की माणूस लाजून न्हाईच म्हणतंय. तोंड बघून द्यावं." तू शिकवलेलं तेवढं एकच मला बराबर आलं.

आणि मग तू खाटेवर आहेस. पोट दगडासारखं झालंय, ओठ सुकून चिरा पडल्या आहेत. मावशी, तुझी बहीण, औषध आणायला खाली गेली आहे. मी तुझं तोंड बघतो. नळावरून स्टीलचा ग्लास भरून आणतो, तुझी मान उचलतो. तू सगळं पितेस. डोळे उघडून माझ्याकडं बघतेस आणि हसल्यासारखं करतेस. थोड्या वेळानं तुला आत ऑपरेशनला नेतात. मग डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, "पेशंटला पाणी कोणी पाजलं?" मावशी म्हणते, "कोणी न्हाई साहेब," आणि माझ्याकडं बघते. मी म्हणतो, "मी न्हाई पाजलं."

दोन वर्षं तो ग्लास मीच भरतो, मीच ठेवतो, आणि प्रत्येक पोरीला तो पाय टाकल्या टाकल्या सापडतो. एक तर हसून म्हणाली होती, "हा कोणत्या येड्यानं ठेवला?" मला वाटायचं, एखादीला तरी सुटावा. एखादी तरी माझ्यासारखी निघावी. परवाच्या परीक्षेत माझा हात फिरला. ग्लास मी खिडकीच्या पडद्याआड सरकवला. आत आली ती पोरगी आपल्याकडचीच, शिरड शहापूरची. नऊ चुका तिनं तीन मिनिटांत काढल्या. उरलेला वेळ खोलीभर फिरली, पाटी वाचली, टेबलाकडं दोनदा पाहिलं. घंटी वाजली आणि ती कागद द्यायला बाहेर गेली, तेवढ्यात मी ग्लास टेबलावर आणून ठेवला. मॅडमनी आत येऊन विचारलं, "ग्लास जागेवर होता ना?"

"व्हय मॅडम. बराबर जागेवर होता."

दुपारी ती जिन्यात भेटली. म्हणाली, "मामा, टेबलावर ग्लास न्हवता. मी दोनदा पाहिलं." मी हातातल्या चादरीची घडी घालत राहिलो. "मग असं काहून झालं? माझेच डोळे फुटले असतील." आणि म्हणाली, "खरं पेशंट असतं तर माझ्या हातानं मेलं असतं." सहा महिन्यांनी पुन्हा बसावं लागणार तिला, त्याचं तिनं एकदाही काढलं न्हाई. रडत पण नव्हती. पायरीवर बसून स्वतःच्या हातांकडं बघून राहिली होती.

एक शब्द बोललो तर ती सुटते. माझं काम जाईल, त्याचं मला काही न्हाई, कामं सोडायची मला सवय आहे. पण तोंड उघडत न्हाई. आज मॅडमच्या दारापर्यंत गेलो. त्यांनी वर बघून विचारलं, "काय रे?" मी म्हणालो, "पाणी आणू का मॅडम?" त्या म्हणाल्या, नको. मी परत आलो. आता या कागदाचं काय करावं तेही कळत न्हाई. चादरींच्या कपाटात त्या ग्लासाखाली ठेवीन, तिथं माझ्याशिवाय कोणी हात घालत न्हाई.

इतके दिवस मी स्वतःला सांगत आलो की तू पाणी मागितलं होतंस. तू मागितलं नव्हतंस माय. मी विचारलंच न्हाई.