उडीचं बटण

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात टीव्हीसुद्धा नव्हता, म्हणून आधी हे सांगते की टीव्हीवर खेळायचा एक खेळ असतो. त्याचा हातात मावेल एवढा रिमोट असतो. डावीकडे दिशांची बटणं, उजवीकडे दोन लाल. एकानं पडद्यावरचा माणूस उडी मारतो, दुसऱ्यानं गोळी झाडतो. तुमचा नातू लहानपणी इथं कळंबला जेवणखाण विसरून हा खेळायचा. आता त्याच्याच कानशिलावरचे केस पिकलेत, आणि दिवाळीनंतर त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात तसाच राहिला. बारामतीच्या डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यानं एकदाच धरला, जमलं नाही, आणि कॉटखाली ढकलून दिला. तेव्हापासून हात चादरीखाली. कुणी भेटायला आलं की डाव्या हातानं चादर आणखी वर ओढतो. परवा मी ट्रंक झाडत होते, तर तो रिमोट बघून म्हणाला, “आई, हे लाव की. ह्याच्यावर बघतो हात चालतोय का.” आजारी पडल्यापासून त्यानं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. लावलं, तर उडीचं बटण मेलेलं.

स्क्रू हरवू नयेत म्हणून परात घेऊन मी स्वयंपाकघरात बसले, आणि तुम्हीच समोर येऊन बसलात. कालव्याला पाणी आलंय, पंप उठत नाही, तुम्ही स्टार्टर खोलून चुलीपुढच्या पोत्यावर मांडलाय. आई म्हणतेय, “आता माझ्या पिठात तुमचं लोखंड तेवढं कालवा.” तुम्ही हसता आणि पॉलिशपेपर माझ्या हातात देता. “बाय, काळं हाय तितं करंट जात न्हाय. घास अजून.” मी घासते, खालचा धातू चमकायला लागतो. तेवढीच माझी विद्या, आबा. रिमोटच्या बटणाखाली रबराची टोपी असते, तिच्या पोटात काळा ठिपका. मला वाटलं काजळी. घासून घासून काढली. बटण तरीही मेलेलंच. मग गोळीचं बटण खोलून पाहिलं. ते झकास चालत होतं, आणि त्याच्याखालीही तसाच काळा ठिपका. म्हणजे इथं ते काळंच करंट नेतं. पोरानं एवढं एकच मागितलं होतं, तेही मी घासून टाकलं.

शेवटी चपात्या गुंडाळायची चंदेरी फॉइल दुहेरी घडी करून टिकलीएवढी कापली आणि टोपीला चिकटवली. त्यानं हात चादरीतून काढला. मी त्याचा अंगठा बटणावर ठेवला. माणूस उडाला.

“आई, मारली की गं.”

“बघितली, बाबा.”

“तू न्हाय ना दाबलंस?”

“माझा हात हितं हाय की.”

तो हसला. किती दिवसांनी.

पण फॉइल जाड झालीय, आबा. गोळीच्या बटणाला लागतो तसा दाबच ह्या बटणाला लागत नाही. पाखराचं पीस पडलं तरी माणूस उडेल. तो खांद्यातून हात हलवतो, अंगठा नुसता बटणावर पडतो, आणि त्याला वाटतं आपण दाबलं. एकदा मी स्टार्टरमध्ये काडी खोचून पंप चालू ठेवला होता. तुम्ही ती काडी काढून माझ्या तळहातावर ठेवलीत. “मोटर चालत नव्हती, तू दामटून चालवत व्हतीस,” एवढंच म्हणालात आणि दिवसभर बोलला नाहीत. परवापासून तो अबोला पुन्हा माझ्याभोवती फिरतोय.

कारण आता तो हात बाहेर ठेवतो. तेल चोळून घेतो. कॉटखालचा चेंडू मागून घेतला. उद्या बारामतीला दाखवायला जायचंय, तर “डॉक्टरला म्हणावं अंगठा आलाय” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय. डॉक्टर चिमटीत कागद धरायला लावतील. तिथं फॉइल नसणार. आज सांगावं तर हात पुन्हा चादरीत जाईल, न सांगावं तर उद्या परक्या माणसापुढं कळेल. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहवतंय.

मघाशी त्यानं विचारलं, “आई, आता दुसरं बटण बघू का? गोळीचं?”

त्याचं ताट उचलता उचलता मी म्हणाले, “ते बिघडलंय, बाबा. त्याला नको हात लावूस.”

ते बटण चांगलं आहे, आबा.