लेगीचा बाजार मंगळवारी भरवू नये

प्रति,
मा. बाजार अधिकारी,
गुरांच्या बाजाराची कचेरी, करांगजाती, जावा.

विषय : बाजाराचा जुना, कोबोल भाषेतला संगणक घाईने बंद न करण्याबाबत.
संदर्भ : आपली सुनावणीची नोटीस.

महोदय,

अर्जदार तुकियेम, नवरा जिवंत होता तेव्हापासून, आपल्या बाजारात शेळ्या विकते. शाळा दुसरीपर्यंत. तरी चूकभूल पोटात घालावी, मुद्दा घालू नये.

१. आमचा बाजार जावाच्या पाच वारांच्या फेऱ्यात लेगी या वारी भरतो, हे इथल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. फाटकाजवळच्या जागेची पाळी जुना संगणक लावतो. तिथे उभं राहिलं तर गिऱ्हाईक, नाहीतर माशा. चाचणीच्या नव्या संगणकाने मला पाळी दिली मंगळवारी. रिकाम्या मैदानात मी आणि माझ्या शेळ्या एकमेकींची तोंडं बघत राहिलो. खऱ्या लेगीला आले, तर "तुमची पाळी झाली" म्हणून सांगितलं. जागेवर नव्या संगणकाच्या ठेकेदाराचा साडू. संगणकाला साडू कसा कळतो, याची चौकशी व्हावी.

२. नवा संगणक बसवणाऱ्या इंजिनियरला विचारलं. म्हणाला, "म्बाह, आठवड्याला सातच दिवस असतात." पाचाची मोजणी त्याला जुन्यात सापडली होती, अडगळ समजून काढून टाकली. केरासोबत चूलही उकिरड्यावर. मला आजी म्हणतो, पण आजीला आधी विचारलं नाही.

३. जुना संगणक सांभाळणारे वार्सितोकाका साधू आहेत, असंही नाही. ती भाषा एकट्याला येते म्हणून धनावरच्या नागासारखे बसलेत. मी तोंडावर विचारलं, "तुम्ही गेल्यावर पाळी काय तुमच्या कबरीला विचारायची?" ते कॉफी ढवळत राहिले. म्हणजे नवं लागणार, हे मलाही कळतं.

४. तरी दोन्ही संगणक शेजारी चालवावेत. वार्सितोंनी पोरांना पाचाची मोजणी शिकवावी. नव्याला लेगी आपली आपण सापडेपर्यंत पाळी जुन्यानेच लावावी, आणि माझी बुडालेली पाळी मला मिळावी.

५. सुनावणी आपण नेमकी लेगीच्या सकाळी ठेवली आहे. हरकत घेणारे सगळे तेव्हा बाजारात. आपला कारकून म्हणतो, तारीख नव्या संगणकाने काढली. मी कोणावर आळ घेत नाही, नुसती बघते. तारीख बदलावी. न बदलल्यास आम्ही सगळे हजर राहू. शेळ्या मागे एकट्या ठेवता येत नाहीत, तेव्हा त्याही येतील. सभागृहाला नवी फरशी बसवल्याचं ऐकते.

आपला मान राखून असलेली,
तुकियेम
(अंगठा नव्हे, सही)

दिवस : पाचांतला पोन. लेगी कधी, ते आपल्या नव्या संगणकाला विचारावे.