उजवा हात तिचा, डावा माझा

आई,

इथूनच वाकून नमस्कार करते. मी सुखरूप आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं. बाबांचा खोकला कमी आहे ना?

परवा माझा पियानोचा कार्यक्रम होता. निम्म्यावर आले आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली, काही केल्या उघडेनात. बरेच दिवस कुरबुरत होती, तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. भरल्या सभागृहात माझ्या तोंडचं पाणी पळालं. उठून म्हटलं, "माफ करा, हात ऐकत नाही."

तेवढ्यात विद्यापीठातली माझी विद्यार्थिनी तरातरा वर आली. तीच ती, जिला मी 'घाईगर्दी' म्हणते. शेजारी बसून कुजबुजली, "बाई, उजवा हात मी वाजवते. डावा तुम्ही सांभाळा."

"जमेल?"

"वर्षभर तुम्हीच तर घासून घेतलंय!"

आई, पोरीने एकदाही घाई केली नाही. मी थबकले तिथे थबकली, श्वाससुद्धा माझ्याबरोबर घेतला. शेवटी लोक उभे राहिले, ते तिच्यासाठी. वाटलं होतं, माझ्या पोटात दुखेल. पण मला तर तिला मिठीच मारावीशी वाटली.

डॉक्टर म्हणाले, शिकवणं चालू ठेवा, मैफली आता नकोत. मी रडून घेतलंय. तुलाही रडू येईल, पण बाबांसमोर नको हं. पुढचा कार्यक्रम मी तिला देऊन टाकलाय.

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताने लिहायला शिकतेय.

तुझी,
धाकटी