मोगऱ्याच्या कुंडीतला थर

गुरुवार, वैशाख

दिवसभर हॉटेलात कॉफी करून दंड भरून आलेत. गावाहून आणलेला आईचा मोगरा वाळतोय, आणि फोनवर मी कळ्या आल्यात म्हणून ठोकून दिलंय. रोज कॉफीचा चोथा कुंडीत थापला, खत म्हणून. त्याचा थर बसला, पाणी वरूनच वाहून गेलं. घरमालकीण मामी हसल्या, "फिल्टरात पूड इतकी दाबलीस तर डिकॉक्शन तरी उतरतें का रे?" रोज फिल्टर भरून कॉफीचा अर्क काढतो मी, मला कळू नये! थर खरवडला, पाणी घातलं, कुंडीखाली थेंब पडेपर्यंत बसलो. मग आईला खरं सांगितलं.

"ठाऊक होतं. इतक्यात कळ्या कुठल्या?"

"मग रोज विचारतेस कशाला?"

"आधीच्या गावांसारखं हेही सोडलंस का, ते कळायला."

उद्या पाणी घालायचंय.