गोदीचा अडलेला सुळा

माघ शु. ३, शके १८५९. टेंभुर्णी
भोकरदनची मंडळी आमच्या थोरल्या गोदीला लग्नासाठी बघून गेली. उंची, चालणं, शिवणकाम, सगळं पसंत. मुलाची आई म्हणाली, जरा हस. गोदी हसली आणि घोटाळा झाला. डाव्या सुळ्याच्या जागी अजून दुधाचा दात, तोही चौदाव्या वर्षी. बाईंचा चेहरा उतरला. त्रयोदशीला परत येतो म्हणाले. रात्री मला जेवण गेलं नाही.

माघ शु. ४
घरात कचेरी भरली. ही म्हणते, आईंनीच तो दात पाडू दिला नाही. खरं आहे. बाकीचे दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकले. हा एक पडेना, तर आईला कोण कौतुक! दुधाचा दात राहिला की लेकीचं माहेर तुटत नाही म्हणे. आम्हीही माना डोलावल्या. आता आई म्हणते, ग्रहणाचा दोष. शाळेत पाढे घेताना लक्ष नव्हतं.

माघ शु. ७. जालना
गोदीला घेऊन जुन्या जालन्यात दाताच्या डॉक्टरांकडे. हैदराबादेत शिकलेले. टाळू दाबून म्हणाले, "दांत है जी, पन ऊपर आडा पडा है." कारण विचारलं तर एक का चार. दुधाचा दात वेळेवर न पडल्याने वाट अडली असेल, जबडा अरुंद असेल, शेजारचा दात बारीक आहे, तेही असेल, नाहीतर घराण्यातलं. यातलं नक्की कोणतं, ते सांगता येत नाही. दुधाचा काढला तर खरा उतरेलही, पण या वयात भरवसा नाही. हेच दहा-अकराव्या वर्षी आणली असती तर...
घराण्यात कुणाला आहे का, विचारलं. मी उलट फी किती ते विचारलं. आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, सुळ्याच्या जागी खिंडच आहे, खरा दात कधी उतरलाच नाही. विधवा झाल्यापासून ती आमच्याकडेच असते. हे बाहेर पडलं तर धाकट्या लेकीचं, यमुनेचंही...
काढावा तर पाहुण्यांपुढे भोक. गोदीच म्हणाली, "नाना, वरचा वाट बघून राह्यला. काढा." काढला. ती रडली नाही. मला मात्र बघवेना.

माघ शु. १३
मंडळी आली. गोदी कुणी न सांगता हसली. मुलाच्या वडिलांनी सरळ विचारलं, घरात आणखी कुणाला? मी दुधाच्या दाताचं पुराण लावलं. ते काही खोटं नव्हतं. तेवढ्यात आक्का पुढे आली, तोंडावरचा पदर काढला. म्हणाली, "मला हाय. सासरी नांदले, लेकरं वाढवली. कुणाचं काही अडलं न्हाई."
 मंडळी सुपारी घेऊन उठली. कळवतो म्हणाले.

माघ व. ५
निरोप नाही. आई आक्काशी बोलत नाही. ही दोघींशीही बोलत नाही. गोदी तेवढी बराबर जेवते.
दुपारी यमुनेला ओट्यावर उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं. अकरावं चालू आहे. दुधाचा डावा सुळा हलवून बघितला.
हलत नाही.