बॉयलरची नळी

११ नोव्हेंबर १९७५, मंगळवार

दादासो आला. लिलावात घेतलेला मिलिटरीचा जुना ट्रक थेट शेडच्या दारात! पुढे बंपरच नाही. पत्र्याचा होता, तो उखडून गेला म्हणे. पाटणच्या वर जंगलातून बांबू आणतो हा. चढावर ट्रक रुतला की तारेचा दोर झाडाला गुंडाळून बंपरला बांधायचा आणि ओढून काढायचा. बंपर सुटला तर ट्रक मागे दरीत.

"आकारामदादा, आवं पाइपचाच करा आता. आमची बयाबाई बी असती गाडीत, मानसांचं जेवान करायला."

करतो म्हटलं. कोणता पाइप, तेवढं ठरवायचं.

१२ नोव्हेंबर

नळाचा पाइप नको. वरचं जस्त वेल्डिंगला पेटलं की पांढरा धूर छातीत जातो, अंगात ताप भरतो. शिवाय त्याला शिवण असते. वाकवला की तिथेच उसवतो. दादासोला मात्र तोच हवा—"कसा झ्याक दिसतोय!" अरे, वरातीत मिरवायचा आहे का?

बॉयलरच्या नळ्याच घ्यायच्या. साखर कारखान्याचा बॉयलर मोडला की सांगलीच्या भंगारात येतात. जाड, बिनशिवणीच्या. भीती एकच—एखादी आगीच्या बाजूने मध्येच खाल्लेली असते. वरून कळत नाही, टोकाला बघूनही कळत नाही. हातोडीने ठोकायची. चांगली नळी घंटेसारखी वाजते, खाल्लेली नुसती थप्प करते.

१४ नोव्हेंबर

सांगलीहून सहा नळ्या आणल्या. तिथे सगळ्यांसमोर ठोकून घेतल्या. भंगारवाला हसत होता. "दादांच्या कानाला कोन फसवनार!" हे त्याच्या ओठांवरून कळलं.

सहाही सारख्याच. म्हणजे सहाही मुक्या!

इथे तरी खरं लिहितो. कान गेला आहे. पासष्टच्या लढाईत आमचं वर्कशॉप तोफांच्या शेजारी होतं, तेव्हापासून उतरत गेला. दोन वर्षं झाली, नळीचा आवाज ऐकलेला नाही. नुसती मान डोलावतो आणि वजन, टोक बघून घेतो. आजवर एकही काम परत आलं नाही. कसं, देवाला ठाऊक. घरी साळूबाईलाही सांगितलेलं नाही. फौजेतून आल्यापासून माझा भाता ओढते ती. तिला काय तोंड दाखवू?

१५ नोव्हेंबर

साळूच्या माहेराहून निरोप आला, भावजय आजारी. ती सकाळच्या एसटीने इस्लामपूरला गेली. चूल माझ्या गळ्यात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दोन नळ्या निवडल्या. वरची जरा हलकी चालेल. खालची महत्त्वाची, दोर तिलाच बांधतात. सगळ्यांत सरळ होती ती घेतली. तिच्यावर खडूची फुली होती. भंगारवाल्याची खूण असेल म्हणून फडक्याने पुसली.

वाळू तव्यावर खडखडीत भाजली. ओली राहिली तर तापलेली नळी फुटते. ठासून भरली, दोन्हीकडे लाकडी खुंट्या मारल्या आणि भट्टीत लाल करून वाकवली. काय सुरेख वळण आलं! तास दोन तास कानाची आठवणही झाली नाही.

१९ नोव्हेंबर

दादासो ट्रक घेऊन गेला. नारळ फोडला, बंपरवर उभा राहून नाचला. शनिवारी दुपारी पहिली खेप चढणार.

"गड्यांस्नी सांगितलंय, आकारामदादानं ठोकून घेतल्याली नळी हाय. आता भ्याचं कारन न्हाई!"

तेव्हाच सांगायचं होतं. अरे, माझ्या भरवशावर राहू नको, कुणाकडून तरी एकदा ठोकून घे! तोंडापर्यंत आलं होतं. पण तो असा कौतुकाने बघत होता... लाज वाटली. भित्रा आहे मी. फौजेत एवढी वर्षं काढून भित्राच राहिलो.

२० नोव्हेंबर

जेवण जात नाही. उरलेल्या चार नळ्या पुन्हा ठोकल्या. व्यर्थ.

२१ नोव्हेंबर

बयाबाईचा चेहरा सारखा समोर येतो. तिला मी एकदाच पाहिलं आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

साळू काल संध्याकाळी परतली. चहा न घेता शेडमध्ये गेली, नळ्या पाहिल्या. मग मला ओठ दिसतील अशी समोर येऊन उभी राहिली.

"फुली मारल्याली नळी कुठं हाय?"

दोन वर्षं मी जेवायला बसलो की ती नळ्या ठोकून बघत होती. थप्प वाजेल ती मागच्या भंगारात ओढून टाकत होती; मी कधी मोजल्याच नाहीत. या खेपेला एसटी गाठायची होती म्हणून नुसती फुली मारून गेली. "फुली बघून इचाराल म्हनलं. तुमास्नी कसं सांगू, तुमचा कान गेलाय म्हनून?"

पाटणच्या पहिल्या एसटीत बसून हे लिहितो आहे. नळी कापायची करवत पिशवीत आहे, साळू शेजारी. ट्रक चढायच्या आत पोचलो म्हणजे मिळवली. दादासोपुढे नळी ती ठोकणार आहे. बोलायचं मला आहे.